नांदुऱ्याचा शोध : इंटरनेटवरील साधनें विद्यार्थ्यांस कशीं शिकवावीं

नांदुरा (जिल्हा बुलढाणा) व त्याच्या आसपासच्या गांवांतील कांहीं विद्यार्थी आपल्या प्रबंधाच्या कामीं सल्ला घेण्यासाठीं आमच्याकडे येत असतात. त्यांपैकीं एकानें आपल्या प्रबंधाचें पहिलें प्रकरण आम्हांस वाचावयास दिलें. त्यांत "नांदुऱ्याचा विसाव्या शतकापूर्वींचा उल्लेख कोठेंहि उपलब्ध नाहीं" असें एक वाक्य होतें. आधार विचारतां त्यानें सांगितलें कीं, गूगलवर तीन दिवस शोध केला. परंतु महामार्गावरील १०५ फुटी मारुतीची मूर्ति, आगगाड्यांच्या वेळा, बाजारभाव आणि पिनकोड यांखेरीज कांहीं हातीं लागलें नाहीं.

विद्यार्थी आळशी नव्हता व बुद्धीनेंहि मंद नव्हता. "मला सांपडलें नाहीं" आणि "नाहीं" या दोहोंतील अंतर त्यास कोणीं शिकविलें नव्हतें, एवढीच त्याची उणीव होती. दप्तरखान्यांत बसून काम करणाऱ्यास कोणता रुमाल सोडला व कोणता सोडावयाचा राहिला, हें डोळ्यांसमोर दिसत असे. इंटरनेटवर न सोडलेले रुमाल दिसतच नाहींत. शोधचौकटींत शब्द घालावा, दहा-वीस उत्तरें यावींत, आणि सर्व दप्तर पाहून झालें असा भास व्हावा, असा या साधनाचा स्वभाव आहे. असें एक वाक्य एका प्रबंधांत छापलें गेलें म्हणजे पुढील विद्यार्थी त्याचाच आधार देतो, आणि एका गांवाचा इतिहास न शोधतांच संपतो. म्हणून त्या वाक्याच्या निमित्तानें आम्हीं विद्यार्थ्यांस जें शिकविलें, तें येथें क्रमानें मांडीत आहों. या पत्राचे वाचक हस्तलिखितांचे जाणते आहेत. त्यांस यांतील पुष्कळ गोष्टी जुन्याच शिस्तीचें नवें रूप वाटतील, व तें खरेंहि आहे.

१. नांवाचीं रूपें

शोधास बसण्यापूर्वीं कागदावर नांवांची यादी करावी, हा आमचा पहिला नियम. यंत्र अर्थ पुष्कळदां जाणत नाहीं. तें अक्षरें जुळवितें. "नांदुरा" या शब्दाचें सामान्यरूप "नांदुऱ्या" असें होतें. मराठी मजकुरांत गांवाचें नांव मूळ रूपांत क्वचितच येतें. नांदुऱ्यास, नांदुऱ्याचा, नांदुऱ्याहून अशींच रूपें अधिक येतात. मोठीं शोधयंत्रें विभक्तींचीं रूपें कांहीं अंशीं जुळवून घेतात. ग्रंथसंग्रहांच्या स्वतःच्या शोधचौकटी बहुधा घेत नाहींत. तेव्हां दोन्ही रूपें निरनिराळीं घालून पाहिलीं पाहिजेत.

त्यांत आणखी एक खोंच आहे. "नांदुऱ्या" किंवा "वऱ्हाड" यांतील अर्धा रकार संगणकावर दोन प्रकारांनीं लिहिला जातो. एका प्रकारांत खालीं टिंब असलेलें "ऱ" हें स्वतंत्र अक्षर असतें. दुसऱ्यांत साधा "र" असून त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें जोडचिन्ह असतें. कागदावर दोन्हींची आकृति एकच दिसते. संगणकाच्या पोटांत ते दोन निराळे शब्द असतात. यादव माधव काळे यांचा १९२४ सालचा "वऱ्हाडचा इतिहास" हा ग्रंथ आमच्या जिल्ह्याच्या अभ्यासकास प्रथम पाहावा लागतो, पण त्याचें नांव एका प्रकारें टंकून न मिळाल्यास दुसऱ्या प्रकारें टंकावें, आणि तरीहि न मिळाल्यास ग्रंथकाराच्या नांवानें, "या. मा. काळे" व "यादव माधव काळे" अशा दोन्ही रीतींनीं, शोधावें.

तिसरी गोष्ट अनुस्वारांची. हा लेख ज्या लेखनपद्धतीनें आम्ही लिहीत आहों, तींत "पुणें", "नाहीं", "गांव" असें लिहितात. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानें स्वीकारले व व्युत्पत्तीनें येणारे अनुच्चारित अनुस्वार गेले. सबब जुन्या ग्रंथांतील "गांव" हा शब्द "गाव" असा घालून सांपडेलच असें नाहीं. जुने ग्रंथ शोधणाऱ्यानें जुनें शुद्धलेखन शिकलेंच पाहिजे. हा आतां आवडीनिवडीचा प्रश्न राहिला नाहीं.

इंग्रजी साधनांत हाच घोळ रोमन अक्षरांचा आहे. आमच्या जिल्ह्याचें नांव मराठींत बुलढाणा व बुलडाणा असें दोन प्रकारें लिहितात. आजच्या इंग्रजी लेखनांत "डी" नंतर "एच्" असतो. जुन्या सरकारी इंग्रजी पुस्तकांत तो नाहीं. १९१० चें जिल्हा गॅझेटियर "एच्" नसलेल्या नांवानेंच छापलेलें आहे. त्या विद्यार्थ्यानें "एच्" घालूनच तीन दिवस शोध केला होता.

एका गांवास दोन नांवें असल्यास अडचण दुप्पट होते. याच जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें १७२४ मध्यें निजामुल्मुल्क व मुबारिजखान यांची लढाई झाली, व विजयानंतर गांवास फत्तेखेर्डा हें नांव मिळालें. फारसी ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत शकरखेडा, गॅझेटियरांत फत्तेखेल्डा, आजच्या नकाशांत साखरखेर्डा अशीं रूपें आढळतात. ही लढाई आम्ही प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठीं देतों. एकाच नांवानें शोधणाऱ्यास थोडें मिळतें. सर्व नांवांची यादी करून बसणाऱ्यास त्याच दिवशीं कित्येक पट अधिक मिळतें.

२. कोणाचा अंमल, कोणतें दप्तर

दुसरा नियम असा कीं, ज्या काळाचा शोध करावयाचा त्या काळीं गांव कोणाच्या अमलांत होतें तें आधीं ठरवावें. आज नांदुरा महाराष्ट्रांत आहे म्हणून विद्यार्थी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत शोधतो. कॅम्बेल यांच्या त्या मोठ्या मालिकेंत वऱ्हाड नाहींच, कारण वऱ्हाड मुंबई इलाख्यांत नव्हतें.

वऱ्हाडावर निजामाचा अंमल असून नागपूरकर भोसल्यांचे हक्कहि तेथें चालत. १८५३ च्या तहानें हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, तरी निजामाचें स्वामित्व नांवानें राहिलें. म्हणून सरकारी भाषेंत त्यास "हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे" असें म्हणत. १९०२ च्या करारानें कायमचा पट्टा झाला व १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांतास जोडलें गेलें. १९५० मध्यें तो मुलूख मध्यप्रदेश राज्यांत, १९५६ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. इतक्या स्थित्यंतरांत गांव जागचें हललें नाहीं. त्याचे कागद मात्र हैदराबाद, नागपूर, दिल्ली, लंडन, पुणें व मुंबई असे विखुरले.

यावरून शोधाचे शब्द आपोआप सुचतात. १८५३ ते १९०३ या काळासाठीं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर जावें, व तेथें महसूल खात्यापेक्षां परराष्ट्र खात्याच्या याद्या आधीं पाहाव्या. कारण हैदराबादच्या रेसिडेंटाचा पत्रव्यवहार त्या खात्याकडे जात असे. शोधशब्द "महाराष्ट्र" किंवा "विदर्भ" नसून "बेरार" व "हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स" हे आहेत. सर आल्फ्रेड लायल यांनीं संपादिलेलें १८७० चें गॅझेटियर याच नांवाचें आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर हैदराबाद हें नांव आजच्याप्रमाणें "वाय्" नें न लिहितां "ए-आय्" नें लिहिलें आहे. जुन्या कारकुनानें यादींत जो शब्द लिहिला, तोच शब्द आज आपणांस उच्चारावा लागतो. त्याच्या टांकास शुद्धलेखन शिकविण्याची वेळ निघून गेली आहे.

त्याचप्रमाणें, नांदुरा हें त्या काळीं मलकापूर तालुक्यांतील गांव होतें. गांवाचें नांव न मिळाल्यास तालुक्याच्या, परगण्याच्या व रेल्वेच्या नांवानें शोधावें. भुसावळहून नागपुरास जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फांटा १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. नांदुरा त्याच मार्गावर आहे. म्हणून रेल्वेचे व कापसाच्या व्यापाराचे अहवाल हेंहि आमच्या गांवाचें दप्तरच होय.

३. शोधचौकटीचीं आज्ञाचिन्हें

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे येतों. चिन्हें थोडीं आहेत. पण तीं न जाणतां काम करणें म्हणजे मोडी न शिकतां पेशवे दप्तरांत बसणें होय.

दोन किंवा अधिक शब्द त्याच क्रमानें हवे असल्यास ते दुहेरी अवतरणचिन्हांत घालावे. नको असलेल्या शब्दाच्या आधीं जागा न सोडतां वजाचिन्ह लिहावें. नांदुऱ्याच्या शोधांत "हनुमान" व "पिनकोड" यांस वजाचिन्ह लावतांच निम्मा कचरा दूर होतो. मात्र तो शोध एकदां वजाचिन्हावांचूनहि करावा, कारण मारुतीच्या देवळाचा जुना उल्लेख त्याच कचऱ्याबरोबर जावयाचा. पर्यायी रूपें एकदम शोधण्यासाठीं त्यांच्यामध्यें इंग्रजी "ओ-आर्" हीं अक्षरें मोठ्या लिपींत घालावीं. एकाच स्थळावर शोध मर्यादित करावयाचा असल्यास "साइट" हा इंग्रजी शब्द, पुढें अपूर्णविराम व लगेच स्थळाचें नांव लिहावें. केवळ पीडीएफ् हवे असल्यास "फाइलटाइप" या इंग्रजी शब्दानें तसेंच करावें. येथें आमच्या विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. मराठी कळफलकावर ते अपूर्णविरामाऐवजीं विसर्ग टंकितात. दोन्ही चिन्हें दोन टिंबांचींच दिसतात. यंत्र मात्र विसर्गास आज्ञा मानीत नाहीं.

इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहांत जुनीं मराठी व इंग्रजी पुस्तकें विपुल आहेत; पूर्वीं डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या योजनेंत स्कॅन झालेल्यांपैकीं अनेक पुस्तकेंहि तेथें आहेत. तेथील शोधचौकट प्रथम केवळ पुस्तकाचें नांव, ग्रंथकार इत्यादि नोंदी पाहते. आंतील मजकूर पाहावयाचा असल्यास तसा पर्याय निराळा निवडावा लागतो. हें ठाऊक नसल्यानें कित्येकजण पुस्तकाच्या वेष्टनावरूनच परत फिरतात. शिवाय मराठी पुस्तकांचीं नांवें तेथें पुष्कळदां रोमन अक्षरांत व वेडींवांकडीं नोंदलेलीं असतात.

कालमर्यादा घालण्याची सोय बहुतेक स्थळांवर असते; परंतु ती ग्रंथ छापल्याच्या सालाची असते, कागदाच्या सालाची नव्हे. १७७१ च्या पत्रासाठीं १७७१ ही मर्यादा घालणारास कांहींच मिळणार नाहीं. तें पत्र १९३० नंतर छापलेल्या खंडांत असूं शकेल. आणि त्या खंडांत तें "शके १६९३" किंवा "इसन्ने सबैन मया व अलफ" असें नोंदलेलें असावयाचें. म्हणून विद्यार्थ्यानें सनांचीं रूपांतरें पाठ ठेवावीं : इसवी सनासाठीं शकांत ७८ किंवा ७९, दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१, आणि शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळवावे. मग त्या त्या सनाच्या शब्दांनींच शोध करावा.

४. यंत्रास न वाचतां येणारें

स्कॅन केलेल्या पानांतील अक्षरें यंत्र ओळखतें व त्यांचा मजकूर करून ठेवतें. आपला शोध त्या मजकुरांत होतो, पानांत होत नाहीं. जुन्या शिळाछापाचीं किंवा झिजलेल्या टाइपाचीं जोडाक्षरें ओळखतांना यंत्र अडखळतें. म्हणून शोधांत न आलेलें नांव पानावर ठळक छापलेलें असूं शकतें. राजवाडे यांच्या "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" यांचे २२ खंड, किंवा सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड यंत्रानें शोधून झाल्यावर, जेथें छापील सूची असेल तेथें ती डोळ्यांनीं वाचावी व नंतर तें पान उघडावें, असें आम्ही सांगतों.

अलीकडच्या पीडीएफांचीहि एक गत आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत जुळवीत. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण आंत रोमन अक्षरांची खिचडी असते. अशा प्रबंधांत व अंकांत मराठी शब्द घालून शोध करणें व्यर्थ आहे. अनुक्रमणिका पाहूनच तेथें शिरावें. "शोधगंगा" येथील विद्यापीठीय प्रबंध पाहतांना हें विशेष ध्यानांत ठेवावें. त्या प्रबंधांची शेवटची साधनसूची मात्र अवश्य वाचावी. एका चांगल्या सूचींतून दुसऱ्या सूचीकडे मागें मागें जाणें हा मूळ साधनापर्यंत पोंचण्याचा अजूनहि सर्वांत भरंवशाचा मार्ग आहे. उलट दिशेनें, एखाद्या ग्रंथाचा आधार पुढें कोणीं कोणीं घेतला, हें गूगल स्कॉलर दाखवितें.

मोडी हस्तलिखितें तर अद्याप यंत्राच्या सर्वसाधारण शोधाच्या बाहेरच आहेत. त्यांचीं छायाचित्रें इंटरनेटवर असलीं तरी जोंपर्यंत कोणीं माणसानें त्यांची यादी देवनागरींत लिहिली नाहीं, तोंपर्यंत तीं शोधणारास नसल्यासारखींच आहेत.

५. साक्षींची पारख

सांपडलेलें खरें कीं खोटें, हा पुढील प्रश्न. एकच विधान दहा स्थळांवर दिसल्यास विद्यार्थ्यास दहा साक्षीदार मिळाल्याचा आनंद होतो. पोथ्यांचा पाठभेद जुळविणारास हें ठाऊक आहे कीं, एका मातृकेवरून उतरलेल्या दहा प्रती म्हणजे एकच साक्ष. इंटरनेटवरहि तोच न्याय. यासाठीं आम्ही एक सोपी युक्ति सांगतों. त्या विधानांतील एखादी विशिष्ट अशुद्धि किंवा विचित्र शब्दरचना अवतरणचिन्हांत घालून शोधावी. जेथें जेथें तीच अशुद्धि आहे, तीं सर्व स्थळें एकाच कुळांतलीं. त्यांतलें सर्वांत जुनें कोणतें व तें कशाचा आधार देतें तें पाहावें. आधार नसेल तर सर्व कूळच बाद करावें.

अलीकडे प्रश्न विचारतांच सुंदर भाषेंत उत्तर रचून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आलीं आहेत. शोधशब्द सुचविण्यास तीं उपयोगी पडतात. परंतु तीं प्रसंगीं अस्तित्वांत नसलेल्या ग्रंथांचीं नांवें, पृष्ठांकासह, निःशंकपणें सांगतात. त्यांनीं सांगितलेला ग्रंथ हातीं घेऊन तें पान स्वतः वाचल्यावांचून टिपेंत घालूं नये. अस्सल पाहिल्याशिवाय नकलेवर विश्वासावयाचें नाहीं, हा आपला जुना नियम येथें अक्षरशः लागू आहे.

६. शोधाची नोंदवही

शेवटचा व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा नियम नोंदवहीचा. पानाचे चार रकाने करावे : तारीख, संग्रह, घातलेले शब्द, काय मिळालें. कांहीं न मिळालें तरी तें लिहावें. किंबहुना तेंच आधीं लिहावें. त्या विद्यार्थ्याकडून आम्हीं अशी वही दोन महिने ठेवविली. तो १८७० चें गॅझेटियर, १९१० चें जिल्हा गॅझेटियर, इंपीरियल गॅझेटियर व काळे यांचा ग्रंथ एवढ्यापर्यंत पोंचला, आणि विसाव्या शतकापूर्वींचा उल्लेख नसल्याचें वाक्य त्यानें स्वतःच खोडलें. त्याजागीं त्यानें कोणते संग्रह, कोणत्या शब्दांनीं, कोणत्या दिवसापर्यंत पाहिले व कोणते पाहावयाचे राहिले, तें लिहिलें. वाक्य लांबलें, पण पुढील अभ्यासकास तें उपयोगी झालें.

याच सुमारास त्यास आपल्याच आळींतील एका जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचें एक गाठोडें असल्याचें कळलें. घर पाडावयाचें होतें व गाठोडें रद्दींत जावयाचें होतें. घरधन्यानें तें समजुतीनें त्याच्या हवालीं केलें. वाचन अद्याप व्हावयाचें आहे, म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. परंतु तीन दिवस ज्या यंत्रापुढें तो बसला होता, त्यास हें गाठोडें कधींच दिसलें नसतें.

म्हणून संग्राहक वाचकांस आमची एक विनंति आहे. आपल्या संग्रहांतील कागद प्रसिद्ध करणें सर्वांस शक्य नाहीं. पण त्यांची यादी करणें शक्य आहे. प्रत्येक कागदास क्रमांक, प्रकार, गांव व परगणा, मूळ सन व त्याचा इसवी सन, आणि आंतील व्यक्तींचीं नांवें, इतकें युनिकोड देवनागरींत लिहावें. गांवाच्या नांवाचें कागदांतील रूप व आजचें रूप, दोन्ही द्यावीं. ही यादी एखाद्या सार्वजनिक संग्रहांत ठेवल्यास मलकापूर, मेहकर किंवा नांदुरा येथील विद्यार्थ्यास आपला रुमाल निदान बाहेरून तरी दिसेल. मग तो सोडण्यास तो आपल्या दारीं येईल, आणि त्यास मोडी शिकविण्याचें काम आपलें राहील.